तांबूच्या तोंडून

दिवाळी संपली की गावातल्या पोरांचे किल्ले हळूहळू मरत. कुणाच्या किल्ल्यावरून रेडकू चालत जाई, कुणाच्या बुरुजात कोंबडी खळगा करून बसे, आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत अंगणात नुसता मातीचा उंचवटा उरे. आमचा किल्ला मात्र त्या वर्षी मोडला नाही. माझी मोठी बहीण कुंदा, तिनं तो मोडू दिला नाही. तिनं पडवीच्या कडेला, वळचणीखाली तो रचला होता आणि दव पडू नये म्हणून संध्याकाळी ती त्यावर पेंढ्याची पेंडी आडवी टाकायची. आईला ते पटत नसे. झोडणीचे दिवस, घरात बायामाणसांची ये-जा, भाताच्या कणग्या लिंपायच्या, आणि पडवीत हा चिखलाचा पसारा. पण कुंदाला कुणी फार बोलत नसे. सातवीनंतरची शाळा कर्जतला, जायचं म्हणजे पायी स्टेशनच्या रस्त्याला लागायचं, म्हणून तिची शाळा सुटली होती, आणि ती सोडवल्याचं दादांना, आमच्या वडिलांना, कुठंतरी लागलं होतं. तिला ओरडायची वेळ आली की ते सायकलची चेन तपासायला बसत.

दादा खोपोलीच्या एका गिरणीत पाळ्या करत. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. वारा बरोबर असला की तो डोंगराला आपटून दोनदा ऐकू यायचा, आणि आई दुसऱ्या आवाजावर तवा ठेवायची. उरलेला दिवस घाटात चढणाऱ्या इंजिनांच्या धापेवर चालायचा. घरात तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, हिवाळा लागला की वाल. सोललेल्या वालाचा तो कडवट वास आईच्या बोटांना महिनोन् महिने असायचा. आणि तांबू होता. तो आमचा कुत्रा, गावठीच, पण रंगानं विटेसारखा लाल आणि शेपटी काळपट, झुपकेदार. त्याला आणला कुणीच नव्हता. एका पावसाळ्यात तो गोठ्यात येऊन निजला आणि राहिला.

किल्ल्यावर सगळी पोरं मावळे मांडत. कुंदानं मांडले नाहीत. "मावळे सगळ्यांकडं हायत," ती म्हणाली आणि तिनं चिखलाची जनावरं केली. किल्ल्याचं एक अंग गाव, त्यात काडेपेटीची घरं. मधून ओढा, राखेचा. पलीकडं रान, त्यात कुंपणावरच्या निवडुंगाचे तुकडे आणि दगडावरचं शेवाळ. रानात तिनं कोळसुंदे ठेवले. आमच्याकडं रानकुत्र्यांना कोळसुंदे म्हणतात. मोठ्या माणसांनी ते क्वचित पाहिलेले, आम्ही पोरांनी फक्त ऐकलेले. ते भुंकत नाहीत, शीळ घालतात. झुडपांवर मुततात आणि वाघ त्या झुडपाला घासला की त्याचे डोळे जातात. वाघसुद्धा त्यांना वाट देतो. कुंदानं त्या चिखलाच्या कुत्र्यांना गेरू फासला. गावातल्या कुत्र्यांना चुना. आणि एकच कुत्रा तिनं गावाच्या बाजूला ठेवून गेरूनं रंगवला. तो तांबू.

मग त्याचा खेळ झाला. कुणी ठरवून केला नाही. पहिल्या दिवशी आम्ही जनावरं नुसती इकडून तिकडं सरकवली. दुसऱ्या दिवशी कुंदा म्हणाली, "तू तांबू. बारक्या, तू कोळसुंद्यांचा म्होरक्या. आता मी सांगेन तसं रान होईल." बारक्या हा शेजारच्या नामाकाकांचा मुलगा, माझ्याच वयाचा, नाक कायम वाहतं. कुंदा मध्ये बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, आणि सांगायची.

"तांबू, तू ओढ्याच्या अलीकडं हायस. ऊन उतरलंय. पलीकडून शीळ ऐकू येते. काय करशील?"

"कान टवकारीन."

"ते बकरीपण करते. पुढं बोल."

"मी मुतीन त्याच्या डोळ्यात!" बारक्या ओरडायचा.

"आधी चिंचोके टाक. फुकट मुतायचं नाय."

चिंचोके मधोमध फोडलेले, एका बाजूनं काळे, एका बाजूनं पांढरे. मुठीत खुळखुळवून टाकायचे. पांढरे जास्त पडले तर केलेलं साधलं, काळे पडले तर फसलं. कोळसुंद्यांना शिळेनं एकमेकांना बोलावता येई आणि डोळे घालवता येत. गावच्या कुत्र्याला भुतं दिसत, कुणाच्या घरचं मरण आधी कळे, पण ओढा ओलांडायचा तर गावातल्या कुणीतरी नावानं हाक मारावी लागे, नाहीतर त्याचे पाय जड होत. हे सगळं कुंदाच्या डोक्यातलं. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही, आणि कधी चुकलीही नाही. तांबूचा रंग कोळसुंद्यांचा म्हणून ते त्याला आपल्यातला समजत. तो त्यांच्यात जाऊन बसे, त्यांच्याशी बोले आणि त्यांना खाली गावात उतरू देत नसे. गावाला हे ठाऊक नव्हतं. गाव त्याला शिळी भाकरी टाके आणि दगड मारे. खरा तांबू तेव्हा पडवीच्या पायरीवर माश्या मारत पडलेला असायचा.

माझा मुलगा पुण्यात कॉलेजात असताना असलाच एक खेळ खेळायचा. सुट्टीत चार मित्र घेऊन यायचा, पलंगावर बसून पुष्कळ कोनांचे फासे टाकायचे. एकदा चहा द्यायला गेलो तर त्यांचं चाललं होतं, रानकुत्र्यांची टोळी आली, त्यांचा चावा किती, पाळीव कुत्र्याचं बळ किती, मालकाचा शब्द तो मोडेल का. मी कप हातात घेऊन उभा राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं हे." मी कप ठेवले आणि बाहेर आलो. त्या दिवशी हे सगळं लिहून काढावं असं पहिल्यांदा मनात आलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

खेळ पडवीतून बाहेर गेला तो पोपटीमुळं. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडं शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, मीठ, ओवा घालून तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. शेंगा शिजेपर्यंत सगळ्यांनी आगीभोवती बसून राहायचं, एकमेकांची टिंगल करायची. दिवस मावळत होता. नामाकाकांच्या शेतात आमची दोन्ही घरं, भैरीच्या देवळाचे गुरव आणि त्यांची बायको, आणखी चारदोन माणसं. नामाकाका मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. ते म्हणाले, "काय रं वश्या, तुमचा कुत्र्यांचा खेळ चाललाय म्हणं. आमचं बारक्या शेळ्या सोडून तिथंच पडीक. दाखव की जरा. शेंगांना वेळ हाय."

"शेपटी हाय का त्याला, बघा आधी," कुणीतरी म्हणालं.

मी हातपाय टेकले. एरवी आम्ही बसूनच खेळायचो, जनावरं हातात धरून. चार पायांवर होणं मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. जमिनीवर कापलेल्या भाताचे धस होते, ते तळव्यांना टोचत होते. मी आधी गुरगुरलो. हसले सगळे. मग मी बोलायला लागलो. काय बोललो ते बरंचसं आठवतं, कारण ते कुंदाचंच होतं. मी तुमच्या भाकरीवर वाढलो पण माझा रंग त्यांचा हाय. तुमी दार लावून निजता तेव्हा मी वर जातो. तुमची शेळी, तुमचं वासरू, मी त्यांच्याकडं मागून घेतलंय. तुमी मला दगड मारता, मी बोलत नाय. बोलता बोलता माझा आवाज घोगरा झाला आणि तोंडात लाळ आली, ती मी पुसली नाही, कुत्रा पुसत नाही म्हणून. मान वर केली तर कुणी हसत नव्हतं. पेंढा तडतडत होता. गुरवाच्या बायकोनं पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि हात जोडले.

"भैरीचा कुत्रा आला पोराच्या अंगात," ती म्हणाली.

आमच्या भैरीच्या पायाशी दगडाचा कुत्रा आहे, झिजून त्याचं तोंड सपाट झालेलं. पूर्वी कुणाच्या तरी अंगात तो यायचा असं म्हातारी माणसं सांगत. आई उठली, तिनं मला उचलून जवळ घेतलं आणि माझ्या कपाळाला आगीतली राख लावली.

"आये, खेळ हाय गं तो," कुंदा हसत म्हणाली. "मीच शिकवलंय त्याला."

"तू गप," आई म्हणाली.

मी राख तशीच राहू दिली. शेंगा निघाल्या तेव्हा पहिली मूठ मला दिली, दादांच्याही आधी. त्यानंतर गावात मला वाट मिळायला लागली. पाणवठ्यावर बाया बाजूला सरकत. शाळेत मास्तर सोडले तर कुणी हात उगारेना. घरी मात्र कुंदा रोजच्यासारखी किल्ल्यापाशी बसायची, म्हणायची, "ये रं देवा, तुझी पाळी." मी जाऊन बसायचो. पण तेव्हापासून मी चिंचोके नीट टाकत नसे. काळे पडले तरी मी ठरवलेलंच सांगायचो, आणि कुंदा माझ्याकडं बघायची.

नामाकाकांच्या शेळ्या गेल्या त्या दुपारी बारक्या आमच्या पडवीत होता. शेळ्या त्यानं डोंगराच्या पायथ्याला सोडल्या होत्या. नेहमीच सोडायचा. खेळ रंगात होता. मग वरच्या अंगाला कोणी बाई ओरडली, आणि बारक्या उठून पळाला तो वाहणा तशाच टाकून. दोन शेळ्या मेल्या होत्या, एक गाभण. पोटाकडून खाल्लेल्या. बिबट्या असा खात नाही, तो गळा धरतो, उचलून नेतो, हे पोरासोरांनाही माहीत होतं. हे कोळसुंद्यांचं काम, हे सगळ्यांनी बघताच ओळखलं. पण तिथं तांबूही होता. वास काढत गेला असेल, शेळीच्या आतड्याला तोंड लावून उभा. नामाकाका धावले तेव्हा तो तोंड चाटत घरी निघून आला.

बारक्याला त्याच्या बापानं अंगणातच धरला. "तू कुठं होतास? शेळ्यांपाशी कोण होतं?" पहिल्या दोन थपडांत तो बोलला नाही. मग बोलला, "मी तिथंच होतो. मी बघितलं. तांबू त्यांच्यासंगं आला. तांबू म्होरं होता, लाल कुत्रे मागं." आम्ही कुंपणाच्या अलीकडून ऐकत होतो. बारक्या खोटं बोलत होता हे कुंदाला आणि मला माहीत होतं, पण त्यानं ते नवीन काही रचलं नव्हतं. रोज दुपारी आमच्या पडवीत हेच तर होत होतं.

संध्याकाळी दादा पाळीवरून आले तेव्हा नामाकाका आमच्या अंगणात बसून होते, भांडायला आल्यासारखे नव्हे, मयताला आल्यासारखे. ते दादांचे चुलतभाऊ.

"आबा, तुझा कुत्रा रानाला मिळालाय," ते म्हणाले.

"काहीतरी बोलू नको, नामा. गावठी कुत्र्याला कोळसुंदे फाडून खातील, संगं कशाला घेतील?"

"मी नाय बोलत. तुझ्या पोराच्या तोंडून भैरीच बोललाय, पोपटीला. सगळ्यांनी ऐकलंय. त्यालाच विचारू. देव नाय म्हणला तर मी शेळ्या विसरलो."

दादा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं त्यांनाही विचारायचं होतं, हे खरं काय म्हणून. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी विचारलं नाही. "देव सांगेल तसं," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंघोळ घालून भैरीच्या देवळात नेलं. कुंदा नव्हती. तिला आईनं भल्या पहाटे मामाकडं भाताची पोती मोजून आणायच्या निमित्तानं धाडलं होतं. देऊळ म्हणजे चार खांब आणि कौलं. शेणानं सारवलेली जमीन अजून ओली होती. गुरवांनी ऊद घातला. बरीच माणसं जमली होती, दादा खांबाला टेकून, आई बायकांत. देवळाकडं येताना मी मनाशी एक पक्कं केलं होतं. मी तांबूला वाचवणार होतो. आपण खेळच खेळू, पण असा की तांबू सुटेल. मला खेळ उत्तम येत होता.

मी हातपाय टेकले. ऊद नाकात गेला. गुरवांनी विचारलं, "कोण आलंय?"

"तांबू."

"काल दुपारी कुठं होतास?"

"रानात."

"कुणासंगं?"

"कोळसुंद्यांसंगं. मी त्यांच्यात बसतो. मी बसतो म्हणून ते खाली येत नायत. मी गावाचं राखतो."

माझ्या मते मी त्याला सोडवला होता. कुंदानं ऐकलं असतं तर तिला कळलं असतं. नामाकाका माणसांकडं वळून म्हणाले, "ऐकलं ना? त्यांच्यात बसतो."

"मग शेळ्या कुणी मारल्या?" गुरव.

"त्यांनी. मी नाय. या वेळी त्यांनी मला विचारलं नाय."

गुरव खाली वाकले. ते भले माणूस होते, आवाज चढवत नसत. "म्हणजे एरवी विचारतात," ते म्हणाले.

तिथं मला कळलं. लगेच कळलं, लहान होतो म्हणून कळलं नाही असं मी म्हणणार नाही. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की मी वसंता आहे, हा आमच्या ताईचा खेळ आहे. मी मान वर केली. समोर सगळे हात जोडून होते. आईही. आईनं डोळे मिटले होते आणि ती माझ्या पाया पडत होती. मी मान खाली घातली आणि गुरगुरलो.

ठरलं ते असं, की रानाचं जनावर रानाला द्यायचं. मारायचं नाही, भैरीचं आहे. शिवेच्या वर नेऊन बांधायचं म्हणजे माग काढत परत यायचं नाही. त्याचे सोबती येतील आणि त्याला सोडवून नेतील. हे सगळं इतक्या शांतपणे, इतक्या मायेनं बोललं गेलं की ऐकणाऱ्याला वाटावं सून माहेरी पाठवायचं चाललंय. गुरवांनी मला नारळ दिला आणि कानात सांगितलं, जागा कुणाला सांगायची नाही, सांगितली तर अंगातलं जाईल.

तांबू दादांच्या मागं जाईना, नामाकाकांना बघून तर गोठ्यात शिरला. मी हाक मारली तेव्हा आला. मी पुढं, तांबू माझ्या पायात, मागून ते दोघं. चढावर कारवीची झुडपं वाळत होती. तांबू मधेच पुढं पळे, वळून बघे, मी येतोय ना म्हणून. वर एक सपाट कातळ आहे, त्याच्या डाव्या हाताला ऐनाचं झाड, बुंध्याला मगरीच्या पाठीसारख्या भेगा. दादांनी खांद्यावरचं बैलाचं दावं काढलं. "मान धर त्याची," ते म्हणाले. मी धरली. गळ्याखाली त्याचं अंग गरम होतं आणि शिरेत ठोके पडत होते. दादांनी गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा मारली. तो भुंकला नाही. दादा म्हणाले, "वश्या, मागं बघू नको." मी मागं बघितलं नाही. उतरताना नामाकाकांनी दादांना तंबाखू दिली, दोघांनी मळून खाल्ली. भाताच्या उडव्यांवर ऊन होतं. मला रडू येईल म्हणून मी वाट बघत होतो. घरी पोचेपर्यंत बघितली. आलं नाही. दात काढायच्या आधी सुई देतात आणि अर्धं तोंड दुसऱ्याचं होतं, तसं काहीतरी झालं होतं, आणि ते उतरलं कधी, हे मला आजही सांगता येणार नाही.

कुंदा दुपार कलल्यावर आली. पायरीवर तांबू नाही हे बघून तिनं आधी आईला विचारलं, मग बारक्याला, मग माझ्यापाशी आली. ती ओरडली नाही.

"कुठल्या झाडाला?"

"आठवत नाय."

"वश्या, ते येतात दिवसाउजेडी. तो बांधलेला हाय. त्याला पळता पण यायचं नाय. कुठल्या झाडाला ते सांग, मी जाते, तू नको येऊ."

"आठवत नाय म्हणलं ना."

मला आठवत होतं. कातळ, डावा हात, ऐन. मी का सांगितलं नाही, याची कारणं मी आयुष्यभर बदलत आलो. अंगातलं जाईल ही भीती होती, ती खोटी नाही. पण त्याहून एक होतं. मी झाड सांगितलं असतं तर तो पुन्हा खेळ झाला असता, आणि मग आम्ही तिघं एका खेळापायी आमचा कुत्रा रानात बांधून आलो होतो. देव होता तोवर तसं झालेलं नव्हतं. दादांनी तसं केलेलं नव्हतं, आईनं हात जोडलेले नव्हते. सगळं घर त्या देवावर उभं होतं आणि देव मी होतो.

हे पुढं दोनेक वर्षं चाललं, हेही इथंच सांगून टाकतो. माणसं यायची, हरवलेली गुरं विचारायची, पोरीचं स्थळ विचारायची. मी टेकायचो आणि बोलायचो. काही बरोबर निघायचं. मग माझा आवाज फुटला आणि लोकांनी येणं सोडलं. कुंदा आता शिळफाट्याला राहते, नातवंडांत असते. आम्ही भाऊबीजेला भेटतो, ती मला ओवाळते, गुडघ्यांची औषधं विचारते. तिनं हा विषय कधी काढलेला नाही. मी एकदा काढला तर म्हणाली, "चहा घेशील ना परत?" आणि आत गेली.

पण त्या वेळचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडच्या वाडीतली माणसं आली, त्यांचा बैल सापडत नव्हता. माझं नाव रातोरात तिथवर गेलं होतं. मला पुन्हा देवळात नेलं, पुन्हा ऊद. मी टेकलो होतो आणि गुरव विचारायला लागणार, एवढ्यात कुंदा आत आली. बायकांच्या अंगानं नव्हे, सरळ पुढून. केस विंचरलेले नव्हते. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, पडवीत बसायची तशीच, आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू म्हणाली,

"वसंता, घरी चल. खेळ संपला. चल, आपण दोघं वर जाऊ, तू नुसतं झाड दाखव. अजून असेल तो."

तिला माणसांचा राग नव्हता, माझाही नव्हता. नुसती घाई होती. तिनं हात पुढं केला.

मी तिच्यावर गुरगुरलो. दात दाखवून, पोटातून. वाडीतली माणसं मागं सरकली. कुणीतरी म्हणालं, "पोरी, सर बाजूला, चावंल." तिनं हात तसाच ठेवला होता, तो हळूहळू मागं घेतला. मग ती उठली, परकर झटकला, आणि देवळातून बाहेर पडून डोंगराच्या वाटेला लागली. मी खांबांमधून ती दिसेनाशी होईतो बघत होतो. गुरवांनी विचारलं, बैल कुठल्या दिशेला गेला. मी म्हणालो, पाण्याच्या.

ती दिवेलागणीला परत आली. कोपरापासून घोट्यापर्यंत सगळं अंगच कारवीनं ओरबाडलेलं. दादा दारात उभे होते, त्यांनी तिला आत येऊ दिलं, काही विचारलं नाही. आईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "बस गं आता. झालं ना बघून?"

"सगळी झाडं बघून झाली नायत," कुंदा म्हणाली. "उद्या वरच्या अंगाची बघेन."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. आमच्यात वीतभर अंतर असेल. नुसतं ‘ऐन’ म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं असतं. दादा जेवत होते, खाली बघून. आईनं मला आधी वाढलं होतं. वालाचं बिरडं होतं, वरून ओलं खोबरं. चांगलं झालं होतं. मी परत मागून घेतलं.